सव्वा मूठ गहू

विश्राम आप्पाने माझ्या आईला फसवलं. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कुणी अशी आशा धरायला नको की शेवटी त्याचीही बाजू येईल. त्याची बाजू त्याने मांडावी. तो अजून धडधाकट आहे, रोज सकाळी पारावर बसतो आणि सगळ्या गावाला सल्ले देतो. मी माझी बाजू मांडते. नंदुरबारच्या वेशीवर माझी मिरचीची पथारी आहे. हंगामात वावरभर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि रस्त्यावरून जाणाऱ्या मोटारसायकलवाल्यांना ठसका लागतो. सुरतेचे आणि इंदूरचे व्यापारी माझ्याशी भाव करायला बसतात तेव्हा आधी तांब्याभर पाणी पितात, मग तोंड उघडतात. अशा बाईच्या आईला एका माणसाने मूठभर गव्हात गुंडाळलं, हे मला या वयातही पचलेलं नाही.

गावाचं नाव लिहीत नाही. धानोऱ्यावरून पुढे गेलं की लागतं, एवढं पुरे. तिथे माझं घर आहे आणि मला अजून तिथे जायचं-यायचं आहे. आमची गल्ली सगळी भाऊबंदांची. गल्लीच्या टोकाला आमच्या दोन खोल्या. वडील मी शाळेत जायच्या आधीच गेले, त्यामुळे घरात मी आणि आई. आई मिरची कांडायची आणि आठवडे बाजारात जमिनीवर गोणपाट टाकून विकायची. आमच्याकडे येणारा पाहुणा आधी शिंकायचा, मग रामराम करायचा. सकाळी जात्याची घरघर, मग मुसळाचा धपधप आवाज, आणि त्या दोन्हींच्या वर आईचा गळा. आईचा गळा असा होता की ती ओवीची पहिली ओळ उचलायची आणि चार घरं सोडून कुणीतरी बाई दुसरी ओळ पुरी करायची. जेवायला कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली. वर ठेचा, ठेच्यावर कच्चं तेल. पावसाळ्यात उडदाचं वरण. आज माझ्या घरी गॅसवर पाच प्रकार होतात आणि मला कशालाच तशी भूक लागत नाही. पण ते असू दे. म्हातारपणी सगळेच जुन्या भाकरीचं कौतुक करतात. मला मुठीचं सांगायचं आहे.

पुण्याकडच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगावं लागेल. आमच्या खानदेशात श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी. घर सारवून, रंगवून, नारळाला नथ-डोळे लावून देवी मांडतात, सोमवारी सकाळी नदीवर नेतात. त्या दिवशीच्या नैवेद्याला रोट म्हणतात. पुरणाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी, आणि तूप हात आखडता न घेता. पण हा रोट कुणीही खात नाही. फक्त भाऊबंद खातात. जावयाला नाही, मित्राला नाही, गावच्या पाटलाला नाही, मुंबईहून साहेब आला तरी त्याला नाही. त्यासाठीचे गहूही मोजून घेतात, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. तान्हा मुलगा पाळण्यात असला तरी त्याची मूठ पडते. बाईची पडत नाही. ती दळते. भाऊबंदांत भांडण विकोपाला गेलं की जमिनीची वाटणी होते, विहिरीचे वार ठरतात, आणि सगळ्यात शेवटी, सगळ्यात मोठी गोष्ट म्हणून, रोट वेगळे होतात. आमच्याकडे 'त्यांचे रोट वेगळे' असं कुणी म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं.

आमच्या घरात पुरुष नव्हता, म्हणजे आमची मूठ नव्हती. कानबाई माझ्या चुलत्याकडे, नानाकडे बसायची. नाना मोठ्याने नावं घ्यायचा आणि मुठी टाकायचा. वडिलांच्या नावाची जागा आली की तो घसा खाकरून पुढे जायचा. त्या खाकरण्याचा मला एवढा राग यायचा की मी उठून बाहेर जायची. आई मात्र जात्यापाशी बसून तेच गहू दळायची, दिवसभर देवीची गाणी म्हणायची, आणि पंगतीत वाढलेला रोट मान खाली घालून खायची. तिला वाढत नव्हते असं नाही. पण तिच्या घराचं पीठ त्या पोळीत नव्हतं, आणि हे तिला प्रत्येक घासाला माहीत असायचं.

मी मोठी झाले आणि पंचायतीची निवडणूक आली. माझं पहिलं मतदान. पंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण कुणाच्या ओसरीवर कुठल्या पक्षाची जीप थांबते हे गावाला दिसतंच. आमच्या वॉर्डातून जो निवडून येईल तोच सरपंच होणार, हेही ठरल्यासारखं होतं. एका बाजूला रमणशेठ, दुसऱ्या बाजूला विश्राम आप्पा. रमणशेठ म्हणजे किराणा दुकानवाला जैन. त्याचा आजोबा राजस्थानातून आलेला. रमणशेठ स्वतः आमच्याच गल्लीतल्या धुळीत वाढला आणि आमच्यापेक्षा फर्डी अहिराणी बोलायचा. कांदा-लसूण खात नसे, पण आमच्या मिरचीला नावं ठेवत नसे. विश्राम आप्पा माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. त्याच्या बापाने आमच्या आजोबांशी बांधावरून भांडण केलं आणि रोट वेगळे केले, तेव्हापासून त्यांची कानबाई त्यांच्याकडे, आमची आमच्याकडे.

मला त्या निवडणुकीत एकच गोष्ट हवी होती, ओटा. बाजाराच्या मैदानात पंचायत पत्र्याचं छत घालून सिमेंटचे ओटे बांधणार होती. आई उन्हात बसून बसून काळी पडली होती आणि पावसाच्या एका सरीत दिवसभराचं तिखट चिखल व्हायचं. मी आधी रमणशेठकडे गेले. तो गूळ फोडत होता.

"शेठ, माले ओटा जोयजे. रस्ताना तोंडवर."

"सगळासले जोयजे, पोरी. मी चिठ्ठ्या टाकसू. तुन्हं नाव निघनं तं तुन्हा."

"मंग तुमले मत कसाले देवानं?"

"नळ करसू, गटार करसू, आनि ओटाना बाबतमां खोटं बोलाव नही," असं म्हणून त्याने मला गुळाचा खडा दिला. मी तो खाल्ला आणि दिवसभर चिडले. सौद्याला जागाच न ठेवणारा माणूस मला आजही आवडत नाही. पण एक मान्य करते, त्याने मला फसवलं नाही.

गल्लीत बायका मिरचीचे देठ खुडत बसल्या होत्या. मी तिथे रमणशेठची वकिली करून बघितली, कारण काही झालं तरी नळ तर येणार होता. नानाची बायको, माझी काकी, खुडता खुडता म्हणाली, "माणूस सोना शे. पन तो काय आपला रोट खास का?"

"अवं काकी, तुले नळ जोयजे का रोट खानारा?"

"नळ कोनी बी दी. मयतले कोन यी?"

"रमणशेठ येस ना! मागला सालमां तुन्हा सासराना मयतले उभा व्हता."

"उभा व्हता. उभाच ऱ्हास. खांदा तं भाऊबंदच देस ना, बाई," असं म्हणून काकीने देठ माझ्या अंगावर फेकला आणि सगळ्या हसल्या. मी म्हटलं, "खांद्यासाठी मत देता, मग मेल्यावरच मोजा!" त्यावर त्या आणखी हसल्या. त्या वेळी मला वाटलं, या बायका अडाणी आहेत. आज वाटतं, त्यांचा हिशेब पक्का होता, फक्त माझ्याहून वेगळा होता. त्यांनी नळाची वचनं ऐकली होती, गटाराची ऐकली होती, आणि हे कुणीही आलं तरी अर्धंच होणार हेही त्यांना माहीत होतं. मग उरलं काय? आपल्या दारी वाईट दिवस आला तर कोण येणार, एवढंच. टीव्हीवर शहाणे लोक मतदार असा का वागतो यावर तासभर बोलतात तेव्हा मला काकीचा तो देठ आठवतो.

आणि मग विश्राम आप्पा आमच्या घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आधी शिंकला, मग उंबऱ्यावर बसला. आई भाकरी थापत होती. तो का आला हे मला पाण्याचा तांब्या देतानाच कळलं. आईने गाणं उचललं की गल्लीतल्या बायका मागे ओळ म्हणायच्या. तिने मत उचललं तर मतही तसंच मागे येणार होतं. म्हणजे माल आमच्याकडे होता आणि गिऱ्हाईक दारात. मी पदर खोचला.

"आप्पा, वहिनीनी आठवण आज कशी उनी?"

"पोरी, तुले काय जोयजे ते सांग ना," आप्पा हसला. हसताना तो फार छान दिसायचा, हे मान्य करायला हवं.

"ओटा जोयजे. रस्ताना तोंडवर, पहिला."

"कोपराना देसू."

"कोपऱ्यात कुत्री बसतात. पहिला."

"दुसरा ले."

"पहिला. आनि चार माणसंसना समोर सांगनं पडी."

आप्पाने पागोटं काढून डोकं खाजवलं. माणूस डोकं खाजवायला लागला की सौदा जमलाच म्हणून समजावं. त्याने 'बरं' म्हणायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात आई तव्यावरून नजर न काढता म्हणाली, "ओटा ऱ्हाऊ द्या, भाऊ. मन्हा घरनी मूठ टाका."

मी म्हटलं, "माय!"

"तू गप बस. भाऊ, यंदा तुमना रोट आमना संगे करा. भांडण जुनं व्हई गयं. आनि कानबाईना समोर, हिना बापनं नाव ली, मन्हा घरनी सव्वा मूठ टाका."

आप्पाचा चेहरा सैल पडला. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून पोट भरलं आहे. तो सैल पडलेला चेहरा मी नंतर शेकडो वेळा पाहिला. समोरच्याला माल कल्पनेपेक्षा स्वस्तात मिळाला की तो असा पडतो. "टाकसू वहिनी," तो म्हणाला, "पहिली मूठ तुमनीच टाकसू." आणि भाकरीचा एक तुकडा ठेच्यात बुडवून खाऊन, डोळे पुसत, तो निघून गेला. ते डोळ्यातलं पाणी ठेच्याचं होतं. आई मात्र म्हणाली, "देखं, त्याना बी जीव भरी उना." मी त्या दिवशी आईशी बोलले नाही. पत्र्याच्या छताखालचा, रस्त्याच्या तोंडावरचा, पहिला ओटा! माझ्या ओंजळीत आला होता आणि आईने तो गव्हाच्या मुठीसाठी सोडून दिला.

पण त्या वर्षीची कानबाई मी विसरू शकत नाही. नानाचं घर माणसांनी फुटायला आलं होतं. विश्राम आप्पा आपल्या घरच्या गव्हाची पाटी डोक्यावर घेऊन, मुलं-भावंडं मागे, गल्लीच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत चालत आला. म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी. दोन्हीकडचे तरुण, जे एकमेकांशी फक्त भांडायलाच बोलायचे, ते मिठ्या मारायला लागले. आणि नाना नावं घ्यायला लागायच्या आधी आप्पाने हात वर केला, माझ्या वडिलांचं नाव मोठ्याने घेतलं आणि मूठ टाकली. मग वर पाव मूठ. आई जात्यापाशी बसली होती. तिने पहिला घास जात्यात घातला तो त्याच गव्हाचा, आणि गाणं असं उचललं की बाहेर ओसरीवरचे पुरुष बोलायचे थांबले. पंगतीत तिने मान वर करून रोट खाल्ला. तूप मागून घेतलं. दुसऱ्यांदा मागितलं. मला वाटलं, ओटा गेला तर गेला. बाई एवढी सुंदर दिसते हे आपण कधी पाहिलं नव्हतं. सोमवारी नदीवर फुगड्या झाल्या तेव्हा रमणशेठही नारळ घेऊन आला होता. बायकांनी त्याची थट्टा केली, त्यानेही उलट केली. सगळ्यांना तो मनापासून आवडत होता. आणि तो नदीच्या काठावर, गर्दीच्या बाहेर उभा होता.

मतं कशी पडली ते सांगायला नको. रमणशेठ हरला. दुसऱ्या दिवशी मी तेल आणायला गेले तर तो नेहमीसारखाच हसला. म्हणाला, "तीन पिढ्या तुमना संगे मिरची खाधी, पोरी. डोळासमां पानी उनं, तरी मी पाव्हनाच." मी कुणाला मत दिलं हे काही मी सांगणार नाही. मतदान गुप्त असतं आणि आईच्या आत्म्याला त्रास नको.

ओटे झाले. रस्त्याच्या तोंडावरचा पहिला ओटा आप्पाच्या साल्याला मिळाला, त्यावर सोड्याच्या बाटल्या आल्या. आईला काही वाटलं नाही; ती पुढच्या श्रावणाची वाट बघत होती. श्रावण आला, नानाकडे गहू मोजायला बसले, आणि आप्पा आलाच नाही. निरोप आला: एकदा वेगळे झालेले रोट पुन्हा एक करू नयेत, घराला दोष लागतो, असं कुणा जाणत्याने सांगितलं आहे, म्हणून यंदापासून आपले आपण. नानाने नावं घेतली. माझ्या वडिलांची जागा आली. नानाने घसा खाकरला.

मी तशीच उठले आणि पंचायतीत गेले. दहा-पंधरा माणसं बसली होती, चहा चालला होता. मी विचारलं, "आप्पा, मन्ही मायनी मूठ कोठे शे?"

"पोरी, घरमां माणूसच नही तं मूठ कोनी? हाई मी ठरायेल शे का? रीत शे."

"मागला सालले रीत नव्हती का?"

आप्पाने बशीतला चहा फुर्र करून प्यायला आणि हसला. "मागला सालले निवडणूक व्हती."

सगळी पंचायत हसली. विनोद चांगला होता, हे मला त्या क्षणीही कळलं, आणि म्हणूनच मी टेबलावरची किटली उचलून फरशीवर आपटली. त्या दिवसापासून गावात माझं नाव किटलीबाई पडलं. मी वर्षभरात गाव सोडलं, नंदुरबारला एका पथारीवर मिरची उलथायच्या कामाला लागले, आणि पुढे ती पथारीच विकत घेतली, ते वेगळं प्रकरण आहे.

आईने मात्र किटली फोडली नाही. तिचा मार्ग वेगळा होता. सोमवारी नदीकडे जाताना, बायकांच्या ऐन गर्दीत, विश्राम आप्पाच्या ओसरीसमोर तिने नवीन ओळ उचलली:

"कानबाई माय वं, तुन्हा घरमां चोर उना,
मूठभर गहू दिना नि गावभर मत लई गया."

मागच्या बायकांनी ती ओळ पुरी केली, पुन्हा केली, टाळ्यांवर केली. आप्पाच्या बायकोनेही केली, असं काकी शपथेवर सांगायची. ती ओळ आजही आमच्या गावात म्हटली जाते. नव्या सुनांना ती कुणावर आहे हे माहीत नसतं, आणि आप्पा पारावर बसून ऐकतो. पण हेही लिहिते: आई गेली तेव्हा आप्पाने तिला खांदा दिला. काकीचं खरं ठरलं. मेल्यावर खांदा मिळाला. जिवंतपणी सव्वा मूठ मिळाली ती एकाच साली.

हे सगळं आता लिहायला बसण्याचं कारण म्हणजे भूषण. हा विश्राम आप्पाचा नातू. पांढरा शर्ट, दोन मोबाइल, जिल्हा परिषदेला एका पक्षाचं तिकीट मागतो आहे. आता कानबाईही सार्वजनिक बसते, मंडप असतो, देवीपेक्षा मोठे फोटो पुढाऱ्यांचे असतात, आणि कोणत्या पक्षाच्या मंडपात कोणती गल्ली जाते यावरून लोक निकाल सांगतात. तो मागच्या आठवड्यात पथारीवर आला. नाकाला रुमाल लावून म्हणाला, "फुई," म्हणजे आत्या, "यंदा आपण सगळा भाऊबंद एक करी ऱ्हायनूत. रोट एकच. तुमनी मायनी मूठ बी टाकू. मी सोता टाकसू. व्हिडिओ बी काढू."

मी म्हटलं, "बस. पाणी पी. कितीला देतोस?"

"फुई, असं काय बोलतस?"

"मग निवडणूक नसेल त्या वर्षी टाकशील?"

पोरगा प्रामाणिक निघाला, खोटं 'हो' न म्हणता रुमालाची घडी घालायला लागला. मी त्याला चहा पाजला आणि म्हटलं, तुझ्याशी माझा सौदा नाही. ज्याने माल उचलला त्याच्याशीच बोलेन. तुझ्या आजोबाला घेऊन ये.

तो आजोबाला आणणार नाही, म्हणून मीच जाते आहे. विश्राम आप्पा, हे तुम्हाला कुणीतरी वाचून दाखवेल. येत्या कानबाईला मी गावात असेन. रस्त्याच्या तोंडावरचा ओटा नको, माफी नको, व्हिडिओ तर नकोच. गहू मोजायला बसतील तेव्हा सगळ्या भाऊबंदांसमोर, सुना-लेकींसमोर, एवढंच सांगा: त्या साली तुम्ही जी मूठ टाकली ती माझ्या आईच्या घराची होती की तुमच्या मतपेटीची? मतपेटीची असेल तर तसं कानबाईच्या तोंडावर म्हणा. आणि आईच्या घराची असेल, तर ती परत उचलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? किटली मी फोडणार नाही. पण तुम्ही बोलल्याशिवाय त्या जात्यात एक दाणा पडू देणार नाही. सांगा, आप्पा.